'लूप'चा इतिहास आणि आपले मौन

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी मी धर्मग्रामातील घरोघरी जातो. अशाच एका घरी एक वयोवृद्ध आजी अंथरुणाला खिळून आहेत. काही महिन्यांपूर्वी मी गेलो तेव्हा त्यांची नातसून नुकतीच बाळंतपण आटोपून इस्पितळातून घरी आली होती. प्रसूतीनंतर लगेच 'तांबी बसवायची का?' असे तिला तेथे विचारण्यात आले होते आणि त्यावरून घरात थोडी कुजबुज चालली होती. प्रार्थना संपल्यावर आजींनी मला बसवून घेतले आणि म्हणाल्या, "निदान हिला विचारलं तरी. आम्हाला कुणी विचारलं होतं, फादर?"

मग त्यांनी साठ वर्षांपूर्वीची हकीकत सांगितली. चार मुले झालेली, पाचवे पोटातच गेलेले. नर्सबाई घरी आली आणि म्हणाली, सगळ्याच बसवून घेतात, तूही चल. "मी बसवला लूप. मग अंगावर जाऊ लागलं ते थांबेचना. नर्सबाईकडे गेले तर म्हणाली, होईल बरं आपोआप. देवळात जायची हिंमत होईना. सहा महिने मी कम्युनियन घेतलं नाही. का घेत नाही, ते सासूला सांगितलं नाही, नवऱ्यालाही सांगितलं नाही. तिकडे सांगायची सोय नव्हती फादर, आणि इकडेही नव्हती."

ही हकीकत मला पापनिवेदनात कळलेली नाही. तसे असते तर तिचा उच्चारही माझ्या हातून झाला नसता. आजींनी ती सर्वांदेखत सांगितली आणि लिहिण्यास परवानगीही दिली. परंतु 'इकडेही नव्हती' हे त्यांचे शब्द काही केल्या माझ्या मनातून जाईनात. म्हणून या लहानशा साधनाचा इतिहास मी वाचावयास घेतला. गर्भनिरोधनाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण वाचकांना ठाऊक आहे आणि ती मी आडपडदा न ठेवता पुढे सांगणारच आहे. पण ज्या स्त्रियांच्या शरीरांवरून हा इतिहास गेला त्यांची कथा आपल्या पानांवर क्वचितच आली आहे.

उगम

गर्भाशयात बसवावयाच्या साधनाला आज महाराष्ट्रात सर्रास 'तांबी' म्हणतात. प्लॅस्टिकच्या इवल्याशा दांड्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते, त्यावरून हे नाव पडले. आजींच्या तरुणपणी त्यात तांबे नव्हते. तेव्हाचा 'लूप' म्हणजे नुसत्या प्लॅस्टिकचे नागमोडी वेटोळे होते. त्याच्याही आधीची पिढी कड्यांची. १९०९ साली जर्मनीतील वाल्डेनबुर्ग गावच्या डॉ. रिचर्ड रिख्टर यांनी रेशीमकिड्यापासून काढलेल्या चिवट धाग्याची कडी गर्भाशयात बसवून पाहिली आणि त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बर्लिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. एर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांनी प्रथम धाग्याची आणि पुढे चांदीच्या तारेची कडी वापरात आणली. १९२९ मध्ये लंडन येथे आणि १९३० मध्ये झुरिक येथे त्यांनी आपले अनुभव मांडले. जपानमध्ये १९३४ साली डॉ. तेनरेई ओता यांनी अशाच प्रकारची कडी तयार केली. प्रतिजैविक औषधे अद्याप उपलब्ध नव्हती. बाहेरची वस्तू गर्भाशयात ठेवल्यास जंतुसंसर्ग होऊन स्त्री दगावेल, या भीतीने बहुतेक डॉक्टरांनी या कड्यांना विरोध केला.

ग्रेफेनबर्ग हे ज्यू होते. १९३३ साली हिटलरची राजवट आली आणि त्याच वर्षी जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला. कोणी मुले जन्मास घालावीत आणि कोणी घालू नयेत हे शासन ठरवू लागले. १९३७ मध्ये ग्रेफेनबर्ग यांना तुरुंगात टाकण्यात आले. परदेशातील स्नेह्यांच्या खटपटीमुळे त्यांची सुटका झाली आणि १९४० साली ते अमेरिकेस पोहोचले. न्यूयॉर्क येथे १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्लॅस्टिक आणि भीती

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी बदलल्या. प्रतिजैविकांमुळे जंतुसंसर्गाचे भय ओसरले आणि प्लॅस्टिक आले. १९५९ साली इस्रायलचे डॉ. ओपनहायमर आणि जपानचे डॉ. इशिहामा यांनी कड्यांच्या दीर्घकाळच्या वापराविषयी अनुकूल अहवाल प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कचे डॉ. लाझर मार्गुलिस यांनी प्लॅस्टिकची गुंडाळी तयार केली. बफेलो येथील डॉ. जॅक लिपिस यांनी नागमोडी वेटोळे बनवले, तोच 'लिपिस लूप'. नळीत घालताना हे वेटोळे सरळ होई आणि गर्भाशयात शिरताच पुन्हा मूळ आकार घेई. क्ष-किरणांत दिसावे म्हणून त्यात बेरियमचा क्षार मिसळलेला असे. साधन जागेवर आहे की नाही हे तपासण्यासाठी खाली बारीक धागा सोडलेला असे. १९६२ मध्ये न्यूयॉर्क येथे पॉप्युलेशन कौन्सिल या संस्थेने या साधनांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली.

परिषदेला जमलेल्यांना लूपचे एवढे आकर्षण का वाटले? तो अतिशय स्वस्त होता आणि थोड्या वेळात बसवता येई. शिवाय एकदा बसवला की स्त्रीला रोज काही लक्षात ठेवावे लागत नसे. गोळी रोज घ्यावी लागते, म्हणजे रोज स्वतःची इच्छा वापरावी लागते. लूपला त्या इच्छेची गरज एकदाच लागे. दोनतीन मुलांनंतर काही वर्षांची उसंत हवी असलेल्या आईला यात मोठी सोय होती, हे कबूल केले पाहिजे. परंतु लोकसंख्येच्या भीतीने पछाडलेल्या नियोजकांना या सोयीत वेगळेच काही दिसले. त्या काळच्या एका चर्चेत एका नामवंत प्रसूतितज्ज्ञाने असे मत मांडले होते की, व्यापक हिताचा विचार करता एखाद्या रुग्णेला झालेली इजा सोसावी लागेल. डॉक्टराच्या तोंडी हे वाक्य आले, ही मला फार गंभीर गोष्ट वाटते. वैद्याने समोरच्या एका माणसाची काळजी वाहावयाची असते. ती एक व्यक्ती हिशेबातून वजा करता येते असे त्याला वाटू लागले की पुढची वाट निसरडी होते.

मण्यांच्या माळेपासून लूपपर्यंत

हिंदुस्थानात संततिनियमनाचा विचार लूपपूर्वी बराच आधी आला आणि त्याचे एक मोठे केंद्र मुंबईच होते. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. ते विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. मिशनऱ्यांनी चालविलेल्या त्या महाविद्यालयाला हे कार्य मानवले नाही आणि १९२५ मध्ये कर्वे यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक नेटाने चालवले. त्यांची अनेक मते आपल्याला पटणारी नाहीत. तथापि स्त्रीला स्वतःच्या शरीराविषयी माहिती मिळाली पाहिजे, हा आग्रह त्यांनी एकट्याने धरला. त्यांना मिळालेल्या वागणुकीत ख्रिस्ती समाजाचाही वाटा होता, याची नोंद ठेवली पाहिजे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या ख्रिस्ती होत्या आणि गांधीजींच्या निष्ठावंत अनुयायी होत्या. कृत्रिम साधनांना त्यांचा विरोध होता. त्यांच्या निमंत्रणावरून १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन यांना भारतात पाठवले, तेही केवळ 'सुरक्षित काळ' पाळण्याची नैसर्गिक पद्धत शिकवण्यासाठी. दिल्लीतील लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे प्रयोग झाले. निरक्षर स्त्रियांना दिवस मोजता यावेत म्हणून रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. एका रंगाचे मणी सुरक्षित दिवसांचे, दुसऱ्या रंगाचे मणी संयमाच्या दिवसांचे. रोज एक मणी सरकवावयाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोप पायस बारावे यांनी इटलीतील सुइणींपुढे केलेल्या भाषणात, गंभीर कारण असल्यास याच नैसर्गिक पद्धतीचा अवलंब करण्यास मोकळीक दिली होती.

भारत सरकारच्या अगदी पहिल्या प्रयोगाचे साधन रोझरीसारखी एक माळ होती, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. पण प्रयोग यशस्वी झाला नाही. अनेक स्त्रियांची पाळी नियमित नव्हती आणि माळ सांभाळणे त्यांना जड गेले. मुख्य म्हणजे मणी बायको सरकवणार असली तरी संयम दोघांनी पाळावयाचा होता. नवऱ्यांना शिकवण्याची तजवीज मात्र फारशी नव्हती. हा धडा आपणही लक्षात ठेवला पाहिजे, कारण आपल्या धर्मग्रामांतून नैसर्गिक पद्धतीचे वर्ग भरतात तेव्हा पुढच्या बाकांवर बहुधा स्त्रियाच बसलेल्या असतात.

१९५२ साली पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला होता. १९५१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या ३६ कोटी होती, ती १९६१ मध्ये सुमारे ४४ कोटी झाली. या आकड्याने दिल्लीत धडकी भरली आणि मण्यांच्या माळेचे दिवस संपले.

आकड्यांची वर्षे

१९६५ साली केंद्र सरकारने लिपिस लूप स्वीकारला. कानपूर येथे लूप तयार करण्याचा कारखाना उभा राहिला. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन दुष्काळाची वर्षे होती आणि देश अमेरिकेच्या गव्हाकडे डोळे लावून बसला होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी जून १९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या विसाव्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणात सांगितले की, लोकसंख्या रोखण्यासाठी घातलेले पाच डॉलर हे आर्थिक वाढीसाठी घातलेल्या शंभर डॉलरांच्या तोडीचे आहेत. धान्य पाठवणाऱ्याचे हे मत दिल्लीत कोणत्या कानांनी ऐकले गेले असेल, हे सांगावयास नको.

१९६६ मध्ये आरोग्य मंत्रालयात कुटुंबनियोजनाचे स्वतंत्र खाते निघाले. राज्यांना लक्ष्ये ठरवून देण्यात आली. केंद्राकडून प्रत्येक लूपमागे ११ रुपये, पुरुषाच्या नसबंदीमागे ३० रुपये आणि स्त्रीच्या शस्त्रक्रियेमागे ४० रुपये राज्यांना मिळू लागले. त्यातूनच डॉक्टर, स्त्रीला घेऊन येणारा 'प्रेरक' आणि प्रसंगी स्वतः स्त्री यांना मोबदला दिला जाई. लूप बसवण्यासाठी शिबिरे भरत. लूप बसवला की नोंद होई आणि नोंद झाली की काम संपे. त्या स्त्रीचे पुढे काय झाले, याची नोंद करणारा रकाना बहुधा नसेच.

आणि पुढे बरेच काही होत असे. साधारण पाळीत स्त्रीच्या शरीरातून सुमारे ३५ मिलिलिटर रक्त जाते. लूपसारख्या साधनामुळे हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. पोटभर जेवणाऱ्या निरोगी स्त्रीला हे सोसते. ज्या स्त्रिया आधीच रक्तक्षयाने पांढऱ्याफटक पडल्या होत्या, दुष्काळात सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले खात होत्या, त्यांना ते सोसणारे नव्हते. कित्येकींचा लूप आपोआप पडून जाई. कित्येकींच्या ओटीपोटात कळा येत. खेड्यापाड्यांत स्त्री डॉक्टर मिळत नसे आणि पुरुष डॉक्टरसमोर जाण्यास स्त्रिया धजत नसत. ज्या पथकाने लूप बसवला ते पुढच्या गावी निघून गेलेले असे. मग गावोगाव अफवा उठल्या की लूप शरीरात वर चढतो, काळजापर्यंत जातो. सुशिक्षित लोक या अफवांना हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. खरा त्रास ऐकून घेणारे कोणी नसले म्हणजे तो अफवेचे रूप घेऊन हिंडू लागतो.

आकडे बोलके आहेत. १९६५-६६ मध्ये देशात सुमारे ८ लाख १० हजार लूप बसवले गेले. १९६६-६७ मध्ये ही संख्या ९ लाख १० हजारांवर गेली. १९६७-६८ मध्ये ती ६ लाख ७० हजारांवर घसरली आणि १९६८-६९ मध्ये ४ लाख ८० हजारांवर आली. ज्याला रामबाण मानले होते त्या साधनाचा तीन वर्षांत बोजवारा उडाला. साधन सदोष होते म्हणून असे झाले, असे म्हणणे पुरेसे नाही. तेच साधन दुसरीकडे, नीट तपासणी करून आणि पुढे विचारपूस ठेवून वापरले गेले तेव्हा पुष्कळ स्त्रियांनी ते वर्षानुवर्षे ठेवले. आपल्याकडे बाईला मोजले गेले. तिचे ऐकले गेले नाही.

त्याच वर्षांतील ख्रिस्तसभा

हीच वर्षे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही अपूर्व आहेत. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईस आले. आपल्या घराघरांतील वडीलधारी माणसे ओव्हल मैदानावरील त्या दिवसांच्या आठवणी अजून सांगतात. वर्षभराने, ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. किती मुले व्हावीत याचा निर्णय पतिपत्नीनेच, परमेश्वरासमोर, जबाबदारीने घ्यावयाचा आहे आणि तो सरकारी सत्तेने घ्यावयाचा नाही, असे त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. भारतात लूपची लक्ष्ये ठरत होती त्याच वेळी हे लिहिले जात होते.

संततिनियमनाच्या प्रश्नावर पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ साली एक आयोग नेमला आणि पोप पॉल यांनी तो वाढवला. धर्मशास्त्री आणि डॉक्टर यांच्यासोबत त्यात विवाहित दांपत्येही होती. शिकागोचे पॅट आणि पॅटी क्राउली यांनी ख्रिस्ती कुटुंब चळवळीतील अनेक देशांच्या जोडप्यांकडून पत्रे मागवली आणि ती आयोगापुढे ठेवली. सुरक्षित काळ पाळताना येणारा ताण, पुन्हा दिवस राहण्याची भीती, आजारपणे आणि त्याबरोबरच संयमातून गवसलेली जवळीक, असे सर्व काही त्या पत्रांत होते. १९६६ मध्ये आयोगातील बहुमत शिकवणीत बदल करावा या बाजूचे झाले. परंतु पोप पॉल यांनी दीर्घ प्रार्थनेनंतर वेगळा निर्णय घेतला. २५ जुलै १९६८ रोजी निघालेल्या 'हुमाने व्हिते' या विश्वपत्रात त्यांनी जबाबदार मातृपितृत्वाचा पुरस्कार केला, नैसर्गिक पद्धतीला मान्यता दिली आणि कृत्रिम गर्भनिरोधनाला, म्हणजेच लूपलाही, नकार दिला. ती शिकवण आजही कायम आहे.

लूपच्या बाबतीत आणखी एक आक्षेप होता. तो फलित बीजाला गर्भाशयात रुजू देत नाही, असे तेव्हा अनेक डॉक्टर मानीत आणि त्यामुळे गर्भहत्येचा प्रश्न उभा राही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९८७ मध्ये असा निष्कर्ष काढला की, ही साधने मुख्यतः शुक्रजंतूंवर परिणाम करून फलनच होऊ देत नाहीत. हा बदल प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. त्याने ख्रिस्तसभेचा मूळ नैतिक निर्णय बदलत नाही, परंतु एखाद्या आईला 'तू जीव घेतलास' असे म्हणण्यापूर्वी आपल्याला शंभरदा विचार करावा लागतो.

'हुमाने व्हिते'मधील एका इशाऱ्याकडे मात्र जगाचे लक्ष गेले नाही. अशी साधने एकदा रूढ झाली की सरकारे ती प्रजेवर लादू लागतील, असे पोप पॉल यांनी त्यात बजावले होते. ज्या देशात ते चार वर्षांपूर्वी येऊन गेले त्या देशात हा इशारा आठ वर्षांत खरा ठरला. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एकाच वर्षात, भारतात ८२ लाखांहून अधिक निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील कित्येक सक्तीने झाल्या. त्या शस्त्रक्रियांचा बडगा मुख्यतः पुरुषांवर उगारला गेला, म्हणून त्याची चर्चा झाली आणि सरकारही पडले. त्याआधी दहा वर्षे शेकडो खेड्यांतल्या बायांनी जे सोसले त्याने काहीच पडले नाही.

पुढे काय घडले

१९७७ नंतर 'कुटुंबनियोजन' हे नाव जाऊन 'कुटुंबकल्याण' आले. लूपच्या जागी तांबी आली. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेचे डॉ. हॉवर्ड टेटम यांनी 'टी' आकार शोधला आणि चिलीचे डॉ. हाइमे झिपर यांनी तांब्याचा गुण दाखवून दिला. तांब्यामुळे साधन लहान करता आले आणि त्रास कमी झाला. २००२ पासून सरकारी कार्यक्रमात आलेली 'कॉपर टी ३८० ए' ही तांबी दहा वर्षांपर्यंत चालते. तिच्या अपयशाचे प्रमाण वर्षाला शंभरात एकाहूनही कमी आहे.

परदेशांतही हा इतिहास निष्कलंक नाही. १९७१ ते १९७४ या काळात अमेरिकेत 'डाल्कन शील्ड' नावाचे साधन विकले गेले. त्याच्या दोऱ्यात शेकडो तंतू होते आणि त्यांतून जंतू गर्भाशयात चढत. अनेक स्त्रियांना गंभीर संसर्ग झाला, कित्येकींना वंध्यत्व आले, काही दगावल्या. तीन लाखांहून अधिक दावे दाखल झाले. ए. एच. रॉबिन्स ही कंपनी १९८५ साली दिवाळखोरीत गेली आणि नुकसानभरपाईसाठी सुमारे २५० कोटी डॉलरांचा निधी ठेवावा लागला. ग्रीनलँडमध्ये १९६६ पासून काही वर्षे डॅनिश डॉक्टरांनी तेथील सुमारे साडेचार हजार स्त्रियांना आणि मुलींना लूप बसवले. त्यांपैकी अनेकींना, अगदी शाळकरी मुलींनाही, धड सांगितले गेले नव्हते किंवा विचारले गेले नव्हते. हे प्रकरण २०२२ मध्ये उजेडात आले आणि २०२५ साली डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी त्या स्त्रियांची माफी मागितली. आपल्या आजींचा लूपही त्याच वर्षांतला. त्यांची माफी कोणी मागितल्याचे मी ऐकलेले नाही.

१९९४ मध्ये कैरो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर भारताने १९९६ साली कुटुंबकल्याण कार्यक्रमातील साधनवार लक्ष्ये अधिकृतपणे रद्द केली. तरी हरवलेला विश्वास परत आला नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांचे निर्बीजीकरण झाले होते. तांबी वापरणाऱ्या केवळ २ टक्के होत्या आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे मुले थांबवण्याचा भार आजही स्त्रीच्याच शरीरावर आहे. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. साठ वर्षांपूर्वी लूपसमोर जी स्त्री उभी होती तिचे रक्त अजून भरून निघालेले नाही.

आपले मौन

आता 'इकडेही सोय नव्हती' या आजींच्या बोलण्याकडे वळतो. सरकारने बाईला मोजले हे खरे, पण आपण काय केले? आपण 'नाही' म्हटले. ते म्हणण्याचा ख्रिस्तसभेला अधिकार आहे आणि ते तिचे कर्तव्यही आहे. परंतु 'नाही' म्हटल्यानंतर त्या बाईचे पाचवे, सहावे बाळंतपण, तिचे रक्त, तिची दारू पिणारा नवरा यांच्याकडे आपण किती वेळा पाहिले? सेमिनरीत विवाहनीतीच्या तासांना आम्ही विश्वपत्रातील परिच्छेद पाठ केले. 'रक्तक्षय' हा शब्द त्या तासांना कधी आल्याचे मला आठवत नाही. विश्वपत्रातल्याच पतीच्या संयमावरील परिच्छेदावर मी पहिली दहा वर्षे एकही प्रवचन दिले नाही, हेही कबूल करतो.

याला उजळ बाजू आहे. आपल्या धर्मभगिनींनी दवाखान्यांतून आणि वस्त्यांतून नैसर्गिक पद्धत घरोघरी शिकवली. १९७९ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना मदर तेरेसा यांनी कोलकात्यातील गरिबांना आपल्या भगिनी ही पद्धत कशी शिकवतात, याचा आवर्जून उल्लेख केला. जेथे हे कार्य फळाला आले तेथे एक गोष्ट समान दिसते. शिकवणारी भगिनी महिन्यामागून महिने त्या घरी जात राहिली आणि नवऱ्यालाही तिने समोर बसवले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावरील आपल्या प्रबोधनपत्रात लिहिले होते की, आपण लोकांची सदसद्विवेकबुद्धी घडवावयाची आहे, तिची जागा बळकावयाची नाही. घडवण्यासाठी प्रथम ऐकावे लागते.

म्हणून आमच्या धर्मग्रामात विवाहपूर्व मार्गदर्शनाच्या वर्गात आम्ही एक लहानसा बदल केला आहे. त्या दिवशी एक स्त्री डॉक्टर येतात आणि पाळी, रक्त, गर्भधारणा, नैसर्गिक पद्धत व इतर साधने यांची सरळ माहिती देतात. ख्रिस्तसभेची शिकवण मी स्वतः सांगतो, काहीही न वगळता. नवरदेवांना त्या तासाला हजर राहणे सक्तीचे आहे. प्रश्न विचारण्यास सुरुवातीला कोणी धजत नाही. मग एखादी मुलगी विचारते आणि बाकीच्या माना वर करतात.

त्या शुक्रवारी नातसुनेने मला विचारले, "फादर, मी काय करू?" मी तिला आधी तिचेच सांगावयास लावले. हे तिसरे सिझेरियन होते. डॉक्टरांनी पुढच्या गर्भाबद्दल काय बजावले होते ते तिने सांगितले. तिचा नवरा दाराशी उभा होता, त्याला मी आत बोलावून बसवले. नंतर मी ख्रिस्तसभेची शिकवण सांगितली आणि नैसर्गिक पद्धत शिकवणाऱ्या भगिनींचा पत्ता दिला. दोघे मिळून प्रार्थना करा आणि पुन्हा माझ्याकडे या, निर्णय काहीही झाला तरी या, असे सांगून उठलो. आजी अंथरुणावरून सर्व ऐकत होत्या. मी निघताना त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "येतील हो, फादर. आता इकडे यायला वाट आहे."